नुसती लेस तर लावायची

भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर दर लिहिलेले आहेत. फॉल-पिको, साधा ब्लाउज, अस्तराचा ब्लाउज, उंची कमी करणे, चेन बदलणे; प्रत्येकापुढे आकडा. शेवटची ओळ 'लेस / काठ लावणे' अशी आहे आणि तिच्यापुढे आकडा नाही, आडवी रेघ आहे. या रेघेवरून इथे रोज बोलाचाली होते.

पुण्याच्या शनिवार पेठेतल्या जुन्या इमारतीत, जिन्यालगतची ही खोली. राखीपौर्णिमा होऊन दोन-चार दिवस झालेत, म्हणजे गणपती पंधरवड्यावर आणि त्यांच्या मागोमाग गौरी. माझा ब्लाउज मघाशीच पिशवीत पडलाय, पण पाऊस असा काही कोसळतोय की स्टुलावर बसून राहण्याशिवाय इलाज नाही. दोन मशिनी चालू आहेत. दाराजवळच्या पायमशीनवर काकू, आतल्या मोटरच्या मशीनवर त्यांची भाची. काकू पन्नाशीच्या, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या तोंडात धरू नयेत असं त्या भाचीला सांगतात, तेही टाचण्या तोंडात धरूनच.

खिळ्यांवर लेसची बंडलं लटकतायत. गोटा, नागमोडी, मोत्यांची, जाळीची, कटवर्कची, टिकल्यांची, रेशमी गोंड्यांची. बहुतेक रविवार पेठेतून आणलेली. बंडल नऊ मीटरचं, सुटी घेतली तर मीटरवर. माल मुख्यतः सुरतेचा. एके काळी गोट्याच्या पट्टीत चांदीची तार असायची, आता चकाकती प्लास्टिकची फिल्म असते, आणि खरं सांगायचं तर ट्यूबलाइटखाली तीच जास्त चकाकते.

छत्री झटकत एक ताई आत येतात. पिशवीतून पांढरं सुती कापड काढतात आणि त्यावर गुंडाळलेली जाळीची लेस.

"काकू, टेबलक्लॉथ आहे. नुसती लेस तर लावायचीय चारी बाजूंनी. बसल्या बसल्या देता का?"

काकू मशीन थांबवतात. कापडाची एक बाजू टेपवर धरतात, मग दुसरी. छत्तीस बाय छत्तीस. मग लेसची रुंदी बघतात. दोन इंच.

"लेस किती आणलीत?"

"चार मीटर. दुकानात सांगितलं, छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस, म्हणजे चार वार. मीटरमध्ये पावणेचारच्या आतच बसतं. मी म्हटलं, असू दे, चार घेऊ."

हिशोब ऐकायला चोख आहे. भाची मान वर न करता हसते. काकू कापडाचा एक कोपरा माझ्या शेजारच्या कपाटावर पसरतात आणि लेस त्याच्या कडेने बाहेरच्या बाजूला मांडून दाखवतात. एका बाजूची लेस कोपऱ्यापाशी संपते, दुसऱ्या बाजूची तिथूनच सुरू होते, आणि मध्ये दोन इंचांचा चौकोन उघडा राहतो. कोपरा. असे चार.

"लेस कापडाच्या बाहेर जाते ना ताई? मग घेर बाहेरचा मोजायचा. छत्तीसला इकडून दोन, तिकडून दोन. चाळीस. चाळीस चोक एकशे साठ. तुमचे चार मीटर म्हणजे एकशे सत्तावन्न आणि वर जेमतेम अर्धा इंच. शिवाय शेवटी जोड यायचा, त्याला इंच-दीड इंच पाहिजे."

ताई मोबाइल काढून गुणाकार करून बघतात. एकशे साठच येतात.

दुकानदाराची चूक नाही. त्याने कापड पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. लेस कापडावर आतल्या बाजूला बसवायची असती तर एकशे चव्वेचाळीस बरोबर होते. लेस कुठे बसणार हे ठरण्याआधी लेस मोजणं व्यर्थ, पण आपण सगळे आधी लेस पसंत करतो आणि मग तिच्यासाठी जागा शोधतो.

"आता?"

"आता कापडाची चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त दुमड मारते. पस्तीसचं होईल. पस्तीस आणि चार एकोणचाळीस. एकशे छप्पन. बसेल, ओढाताण होऊन बसेल, पण बसेल." काकू कापड नाकाशी नेतात. "भिजवलंय का हे?"

भिजवलेलं नाही. खळ जशीच्या तशी आहे.

हा प्रश्न मराठी बायकांना नवा नाही. साडीला फॉल लावायला टाकताना 'फॉल भिजवून घ्या बरं का' हे वाक्य आपल्या जिभेवर असतं. पण फॉलला जे कळतं ते लेसला का लागू करत नाही कोण जाणे. सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं. पॉलिएस्टरची लेस आटत नाही. मग एका धुण्यानंतर कापड आत गेलेलं आणि लेस होती तिथेच, तिला जागा पुरेना, ती चुण्या घालून बसते. क्रोशाची सुती लेस पॉलिएस्टरच्या कापडाला लावली की उलटं होतं: लेस आटते आणि कापड गोळा होतं. लोक म्हणतात शिवण बिघडली. शिवण सरळच असते.

"आज भिजवून, वाळवून, इस्त्री करून उद्या आणा. या पावसात वाळलं तर. मग मापं पुन्हा घेऊ, पाव-अर्धा इंच तर आटेलच. तेवढंच लेसचं भलं."

ताई हो म्हणतात, पण जाताना पुठ्ठ्याकडे बघतात. "लेस लावायचे किती घ्याल?"

काकू आकडा सांगतात. ताईंच्या भुवया वर जातात. "एवढे? एक टीप तर मारायचीय."

"टीप मारून हवी असेल तर फॉलच्या दराने घेते. दहा मिनिटांचं काम आहे. कोपरे मात्र तुम्ही घरी घडी घालून, टाचून आणा."

ताई हसतात, काकू हसत नाहीत. कापड पिशवीत परत जातं. उद्या येणार की दुसरं दुकान बघणार, याचा अंदाज इथे कुणी बांधत नाही.

भाचीच्या मशीनवर परकराचं काम चाललंय. पाच-सहा वर्षांच्या मुलीचा खणाचा परकर, घेराला तीन बोटं रुंद जरीची पट्टी. पट्टीला दोन टिपा लागतात, वरच्या कडेला एक आणि खालच्या कडेला एक. भाची वरची टीप डावीकडून उजवीकडे घालत आणते, परकर फिरवते आणि सुईखाली खालची कड उलट दिशेने घालायला जाते.

"अगं अगं," काकू इकडून म्हणतात. त्यांनी वळून पाहिलंही नाही. नुसत्या परकर फिरवल्याच्या आवाजावरून ओळखलं असावं. "दोन्ही टिपा एकाच बाजूने. धागा तोड आणि सुरुवातीपासून ये."

"मावशी, वेळ वाचतो ना."

"चार टाके घाल तशीच आणि बघ."

भाची चार टाके नव्हे, वीतभर घालते. मीही उठून बघायला जाते. जरीची पट्टी दोन टिपांच्या मध्ये तिरकी ओढली गेली आहे, तिच्यावर बारीक बारीक तिरप्या लाटा उठल्यात. कारण साधं आहे. मशीनचे खालचे दाते कापड पुढे ढकलतात. वरची पट्टी दाबाखाली असते, ती किंचित मागे रेंगाळते. एक टीप इकडून आणि एक तिकडून घातली की पट्टीची एक कड एकीकडे रेंगाळते, दुसरी दुसरीकडे. इस्त्रीने जात नाहीत या लाटा. भाची अर्ध्या ब्लेडने वीतभर टीप उसवते. जरीवर सुईची भोकं राहिलीत. कापडावरची भोकं नखाने घासली की मिटतात, जरीवरची मिटत नाहीत. म्हणून जरीला दुसरी संधी नसते. तेवढा भाग परकराच्या शिवणीमागे जाईल अशा बेताने काकू पट्टी सरकवून देतात.

मग त्या टाका मोठा करून देतात आणि वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करतात. बारीक टाका दिसायला नेटका, पण जरीला तो चिरतो.

पावसाचा जोर कमी होतो आणि नेमके तेव्हाच एक काका आत येतात. सत्तरीच्या पुढचे, पांढरा सदरा, हातात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. गाठ सोडतात. आत पैठणी आहे, नऊवारी, बहुधा कधीकाळची जांभळी. आता रंगाला नाव देता येत नाही. काठ मात्र लख्ख आहे.

"आमच्या आईची. उलगडू नका हं एकदम, घडीवर चिरलीय."

खरंच चिरलीय. जिथे जिथे वर्षानुवर्षं एकच घडी राहिली, तिथे तिथे रेशीम रेघेसारखं फाटलंय. पैठणी मधूनमधून उलगडून घडी बदलून ठेवायची असते. ती बदलणारी व्यक्ती घरातून गेली की घडी तशीच राहते. काकांना दोन गौरींची आसनं हवीयत आणि मखरामागच्या पडद्याला काठ.

"बोहारणीला दाखवली होती सुनेनं. ती म्हणाली, दोन पातेली देते. जुनी जर घेणारा एकजण पेपरात जाहिरात देतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, आधी जर खरी आहे का बघा. जर खरी असेल तर तो जाळून चांदी काढतो म्हणे. मग मला काही ते बरं वाटेना."

"बघू या खरी आहे का. कापायची तर आहेच."

काकू पदराच्या टोकाचा, आधीच सुटलेला जरीचा एक धागा चिमटीत धरून ओढतात. वीतभर निघतो. उजेडात धरून नखाने खरवडतात. वरचा पिवळा थर जातो, खाली पांढरं चकाकतं, तांबूस नाही. मग काड्यापेटी. धाग्याचं टोक ज्योतीत जातं आणि खोलीभर केस जळल्याचा वास येतो. आतलं रेशीम जळालं, तार तशीच उरली. काळवंडलेली, पण वेटोळं टिकवून. अस्सल जर अशीच असते: रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली आणि तिला सोन्याचा मुलामा. बाजारात जिला 'टेस्टेड' म्हणतात त्या जरीत चांदीच्या जागी तांब्याची तार असते, म्हणून ती खरवडली की लाल दिसते. भाची गंमत म्हणून परकरावरच्या पट्टीचा उरलेला तुकडा काडीपाशी नेते. तो आक्रसतो, वितळतो, त्याची काळी गोळी होते.

"खरी आहे काका. त्या जाहिरातवाल्याला नका देऊ."

"नाहीच देणार."

आता कात्री. मला वाटत होतं, काठ कापायचा म्हणजे काठाच्या रेषेवरून कात्री चालवायची. काकू काठापासून आत, अंगाच्या रेशमात अर्धा इंच सोडून खडूची रेघ मारत जातात. "काठाला लागून कापलं तर आडवे धागे तुटतात आणि उभे सुटायला लागतात, काठ कडेने विसकटतो. हे अर्धा इंच आत दुमडायचं, मग काठ आपला आपण धरून राहतो." रेघ मारून होते तरी त्या कात्री लावत नाहीत. काकांकडे बघतात. काका पावसाकडे बघतायत.

"कापू ना?"

"हो हो. त्यासाठीच आणलीय."

नऊ वाराच्या साडीला दोन काठ, म्हणजे अठरा वार काठ मिळायला हवा. मिळत नाही. काष्ट्याच्या जागी दोन्ही काठ झिजून जाळी झालेत, आणि पायाशी घासणाऱ्या भागाची जर तुटलीय. काकू हाताने चाचपत जातात आणि जिथे बोटाला काठ पातळ लागतो तिथे टाचणी टोचतात. टाचण्यांच्या मधले धड तुकडे मोजले तर अकरा-बारा वार. आसनांना आणि पडद्याला भरपूर. काठ असतोच मुळी झिजण्यासाठी. साडीचं अंग वाचावं म्हणून घासण्याचं काम तो अंगावर घेतो. लुगड्याचा काय, परकराचा काय आणि गोधडीचा गोट काय. शोभा नंतर आली. इथे उलटं झालंय, अंग गेलं आणि काठ उरला, कारण विणणाऱ्याने काठात धातू घातला होता.

पडद्याला काठ मशीनवर लागेल. आसनं मात्र हातशिलाईची, असं काकू सांगतात. जुन्या जरीवर मशीनची सुई म्हणजे एकेक टाक्याला एकेक तार तोडणं. सुई बारीक घ्यायची, दोरा रेशमी, आणि टाका जरीतून नाही तर जरीच्या दोन तारांमधून काढायचा. एका आसनाला एक पूर्ण दुपार. काका दर विचारत नाहीत. काकू स्वतःच सांगतात, आणि तो मला कमी वाटतो. टेबलक्लॉथवाल्या ताईंना सांगितला त्याच्या दुप्पटही नाही. काका गेल्यावर मी तसं म्हणते.

"जास्त सांगितलं तर म्हणतात, काकू, काठ तर घरचाच आहे."

आंध्रातल्या नरसापूरच्या बायका घरात बसून क्रोशाची लेस विणतात, ती परदेशात जाते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली त्यांच्यावर एक पुस्तक लिहिलं. दिवसाचे सहा ते आठ तास लेस विणणाऱ्या त्या बायकांना कामगार मानलंच जात नव्हतं. त्या गृहिणी, आणि लेस म्हणजे त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, असं सगळे धरून चालत. दरही त्याच हिशोबाने. या खोलीत बसून ते पुस्तक आठवतं खरं. 'नुसती', 'बसल्या बसल्या', 'एक टीप तर' हे शब्द दर ठरवण्याआधीच दर ठरवून जातात.

भाची दिवा लावते. काकूंनी आता पायमशीन झाकलंय आणि मांडीवर कुंची घेतलीय. येत्या रविवारी कुणाचं तरी बारसं आहे. हिरव्या खणाची कुंची, कपाळावरून कानांपर्यंत गोल येणारी कड, आणि त्या कडेला बोटभर रुंद जरीची पट्टी. सरळ पट्टी गोल कडेवर बसत नाही. बाहेरच्या अंगाला ती पुरत नाही, आतल्या अंगाला उरते. कापडाची पट्टी असती तर उरेब कापून, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापून तिला हवं तसं वळवता आलं असतं. मगजी आणि गोट असेच वळतात. विकतची जर सरळ विणलेली, ती ताणत नाही.

काकू पट्टीच्या आतल्या कडेतून बारीक धावदोरा घालत जातात. एक टोक गाठ मारून पक्कं, दुसरं मोकळं. मग मोकळं टोक हळू ओढतात. पट्टीची आतली कड आकसते, इतकी थोडी थोडी की चुणी डोळ्यांना दिसत नाही, आणि पट्टी आपोआप वळायला लागते. त्या ती कुंचीवर धरून बघतात, एक केसभर सैल करतात, परत धरतात. आता पट्टी कडेवर पडली की पडून राहते. वरून सुती फडकं ठेवून इस्त्रीचं नुसतं टोक. जरीवर उघडी इस्त्री ठेवली तर प्लास्टिक क्षणात चिकटतं. इस्त्री झाली की वळण पक्कं, मग धावदोऱ्याशेजारून तुरपाई. टाके आतून घातलेत, कारण कुंची बाळाच्या कपाळाला लागणार. उलटून दाखवतात तेव्हा आतली बाजू मला बाहेरच्या इतकीच साफ दिसते. एकही गाठ कपाळाच्या बाजूला नाही, सगळ्या अस्तराच्या आत लपवलेल्या.

"बारशाला कुणी आतून बघणार नाही," मी म्हणते.

"बाळ बघेल. टोचलं तर काढून टाकेल."

टोकांना दोन रेशमी गोंडे लागतात. तेही खेचून बघून, एकदा डावा, एकदा उजवा. तान्ह्या मुलांच्या हातात जे येतं ते तोंडात जातं, म्हणून मोती नको असं काकूंनी त्या घरच्या आजींना आधीच बजावलंय.

पाऊस उघडतो. दारात आणखी एक पिशवी येते. गौरीच्या दोन तयार साड्या, त्यांना टिकल्यांची लेस, परवा हवी. काकू नाही म्हणतात. पिशवीवाल्या बाई अजिजी करतात, अहो नुसती एक बाजू लावा, मागची राहू दे, दिसत नाही. काकू पुन्हा नाही म्हणतात. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ती तारीख कुणाच्या शिवणासाठी पुढे जात नाही. भाची पुठ्ठ्याच्या खाली खडूने लिहिते: 'गौरीच्या ऑर्डर बंद'.

तेव्हा वाचकहो, आणि विशेषतः वाचकभगिनींनो, सणाचं काही काठ-लेसचं काम द्यायचं असेल तर ते नागपंचमीच्या आत द्या. लेस घ्यायला जाताना कापड बरोबर न्या, चार कोपऱ्यांचे धरून अर्धा मीटर जास्त घ्या, सुती असेल ते आधी भिजवून घ्या. आणि दर विचारताना 'नुसती' हा शब्द घरी ठेवून जा.